तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी एकतीस वर्षं घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले, म्हणून ते मीटरकाका. कुणी जास्त पाण्याची कुरकुर केली की ते आधी घरातले सगळे नळ बंद करायला लावायचे आणि मीटरमधलं बारीक लाल चक्र तरीही फिरतंय का ते बघायचे. फिरलं, तर गळती तुमच्याच घरात. या एका युक्तीवर त्यांनी भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती.

काकू गेल्या आणि काका रडलेसुद्धा नाहीत. काकूंच्या खोलीतलं न्हाणीघर त्यांनी लावून घेतलं, ते पुन्हा उघडलं नाही. जेवलात का विचारलं, तर घड्याळाकडे बघून 'जेवलो असेन' म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा आणि मग रागाची लाज वाटायची. तरी रोज डबा पोचवायचे.

त्याच सुमारास त्यांच्या शेजारी एक कुटुंब राहायला आलं. सीमेपलीकडच्या लढाईतून जीव मुठीत धरून आलेलं. नवरा बेकरीत, बायको शिवणकाम करणारी, सासू आणि दोन मुली. इमारतीने नाकं मुरडली. जिन्यात चपलाच फार, आवाजच फार. माणसं पाच, पण आमच्या गप्पांत ती पंधरा व्हायची. मीही मीठमसाला लावण्यात मागे नव्हते.

एक दिवस मी डबा घेऊन वर गेले तेव्हा ती शिवणारी काकांच्या दारात उभी होती. तोडक्यामोडक्या भाषेत सांगत होती, की भिंतीतून सारखा पाण्याचा आवाज येतो, हवं तर माझा नवरा बघून देईल. काका 'बरं' म्हणाले आणि आत वळले. मला वाटलं, ही कालची आलेली आणि आज आपल्याच तक्रारी करते.

पुढच्याच आठवड्यात इमारतीच्या सामाईक मीटरचा तिमाही आकडा दीडपट निघाला. सोसायटीच्या अध्यक्षांनी त्या कुटुंबाच्या घरमालकाला अर्ज लिहिला: हे लोक बेसुमार पाणी वापरतात, घर खाली करून घ्या. पहिली सही काकांची हवी होती. ते काम माझ्याकडे आलं. काकांनी आकडा वाचला, 'वाढलंय खरं' म्हणाले आणि सही केली. कुणाला एक नळ बंद करायला सांगितलं नाही. भिंतीतल्या त्या आवाजाचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी कागद उचलला, खाली माझी सही केली.

महिन्याभरात ते शेजारी घर सोडून गेले. टेम्पोत शिलाईचं मशीन चढवून झाल्यावर तिने जिना झाडून काढला. कुठे चाललात, हे आम्ही कुणीच विचारलं नाही.

आणि पुढचा आकडा पुन्हा तेवढाच आला.

भर दुपारी काका जिन्यातली एकेका घराची पाण्याची चावी बंद करत वर चढले. मी खाली मीटरपाशी. आमची चावी बंद झाली तरी चक्र फिरतच होतं. त्यांनी स्वतःची बंद केली आणि ते थांबलं.

काकूंच्या न्हाणीघरात फ्लशच्या टाकीतलं रबर झिजलं होतं. काकू गेल्यापासून सात महिने अखंड धार वाहत होती. काकांनी दहा मिनिटांत रबर बदललं आणि तिथेच पालथ्या बादलीवर बसले.

"त्या शिवणारीनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "ऐकू आलं होतं मला. पण मला कशाचंच काही वाटत नव्हतं गं."

तशाच ओल्या बाह्यांनी ते अध्यक्षांकडे गेले. मीही मागोमाग गेले. त्या लोकांना परत बोलवा, एवढंच त्यांचं म्हणणं. अध्यक्षांनी चहा मागवला.

"काका, पाण्याचं काय घेऊन बसलात? पाणी नसतं तर दुसरं काही लिहिलं असतं. मालक मात्र तुमच्या सहीमुळे तयार झाला. तुमचा शब्द म्हणजे शब्द."

काकांनी चहाला हात लावला नाही.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. हातात कागद. गळती माझ्या घरात होती, शेजाऱ्यांचा काही दोष नव्हता, असं मालकाला लिहिलं होतं. खाली त्यांची सही, आणि तिच्याखाली एका सहीपुरती जागा.

"तूही ऐकलं होतंस," ते म्हणाले.

पेन आणते, असं म्हणून मी आत आले. पेन समोर टेबलावरच होतं. काका दारात उभे होते आणि मी आत उभी होते.