राधाकिशनची वाऱ्याची गाडी

राधाकिशनला पहिल्यांदा कुणी टर्बो समजावून सांगितला तेव्हा तो हसलाच होता. इंजिनातून बाहेर पडणारा धूर जाता जाता एक चक्री फिरवतो, तिच्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरचा वारा ओढून इंजिनात कोंबते, आणि त्या कोंबलेल्या वाऱ्यामुळं गाडीला जोर येतो.

"म्हंजे टाकून दिलेल्या धुरावर गाडी चढती?" त्यानं विचारलं होतं.

मग मालक दिनकररावांच्या नव्या ट्रकमध्ये कापसाच्या गठाणी भरून तो येलदरीची चढण चढला. जुनी गाडी जिथं पहिल्या गिअरवर कण्हायची, तिथं ही शीळ घालत वर निघाली. माथ्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि बॉनेटला हात जोडले.

त्याआधी कितीतरी हंगाम तो आणि बायको छबूबाई पालमकडच्या गावातून ऊस तोडायला जायचे. नवराबायको मिळून एक कोयता; मुकादमाच्या तोंडी त्यांचं नाव तेवढंच. उसाच्या ट्रकवर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर असं करत राधाकिशन जिंतूरला आला, तेव्हा छबूबाईनं कोयता आढ्याला खोचून टाकला होता.

त्र्याण्णवच्या दसऱ्याला सगळ्या ड्रायव्हरांनी गाड्यांना हार घातले. राधाकिशनला वाटलं, शक्ती आत आणि हार बाहेर, हे काय खरं नाही. त्यानं बॉनेट उघडून टर्बोला हळदकुंकू वाहिलं. टर्बो तापतो, फुलं करपतील, म्हणून झेंडूची माळ त्याच्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीला बांधली.

दिवाळी सरली आणि गाडीचा जोर गेला. रिकामी असली की पळायची. भरली की काळा धूर ओकायची आणि चढणीला बसायची. आश्रुबा मिस्त्रीनं एअर फिल्टर बदलला, डिझेलचा पंप उतरवून पाहिला, नोझल साफ केले. काही फरक नाही.

दिनकरराव म्हणाले, "रविवारपर्यंत चढली तर चढली. न्हाई तर ही देऊन जुनीच गाडी घेतो. अन जुनी गाडी चालवायला माझा भाचा हाय."

राधाकिशन घरी आला तर छबूबाई दगडावर पाणी टाकून कोयत्याला धार लावत बसलेली.

"आत्ताच कशाला?"

"मुकादम इऊन गेला. टोळी निघायलीय. तुमचा टर्बो भाकर थापणार आसंल तर सांगा, ठेवते परत."



दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबा गॅरेजच्या भिंतीला टेकून बिडी ओढत होता. भिंतीवरची नामांतराची घोषणा ऊन खाऊन फिकी पडली होती.

"पंप न्हाई, नोझल न्हाई, चक्री बी साफ फिरती," तो म्हणाला. "मंग वारा वाटंतच कुठंतरी पळायलाय."

"वारा दिसतो का मिस्त्री?"

"दिसत न्हाई म्हनून तर दाखवायचा."

"इंजिन चालू करू?"

"त्या गोंगाटात काय ऐकशील? बंदच ठिव."

त्यानं टर्बोच्या तोंडात रबर गुंडाळलेला लाकडी गट्टू ठोकून बसवला. गट्टूच्या मधोमध ट्यूबचा व्हॉल्व्ह होता. शेजारच्या पंक्चरवाल्या सितारामनं आपली हवेची नळी आणून जोडली.

"टायर समजू नको," आश्रुबानं दम दिला. "हलकी सोड. लय दाबलीस तर आतलं सील जाईल."

मग डबड्यात साबणाचा फेस करून तो एकेका जोडावर ब्रशनं लावू लागला.

"गाडीची दाढी करायलेत का मिस्त्री?" सिताराम म्हणाला.

"तू हवेकडं बघ. तुझी बी करतो मागून."

पहिला जोड शांत. दुसरा शांत. आश्रुबानं दाढीचा आरसा मागवला, इंजिनाकडे जाणाऱ्या जाड नळीच्या खाली धरला आणि चाचपत तिथं फेस लावला.

आरशात एक फुगा आला. फुटला. मग दुसरा, मग त्याच्यावर तिसरा, आणि बघता बघता नळीच्या पोटाखाली फुग्यांचा घोस लोंबायला लागला. ऊन पडून त्यात रंग फिरत होते. राधाकिशन वाकून बघतच राहिला. गठाणीच्या गठाणी डोंगरावर नेणारा तो वारा, ज्याला त्यानं न बघता हात जोडले होते, तो समोर हलत होता.

आश्रुबाची बोटं फेसात शिरली आणि थांबली. त्यानं चिमटीनं काहीतरी ओढून काढलं. ग्रीसनं काळी झालेली बारीक तार होती. तिला झेंडूचं वाळकं देठ अजून चिकटलेलं.

"हे काय रे?"

राधाकिशनचा चेहरा उतरला. "दसऱ्याची माळ. फुलं काढली, तार ऱ्हायली वाटतं."

"देवाचा गळाच आवळलास की!"

सिताराम खाली बसून हसायला लागला. आश्रुबानं नळी काढून वाकवली. तापून, थरथरून तार रबरात रुतली होती आणि तिथं चीर गेली होती. एरवी ती ओठासारखी मिटलेली असायची. भार आला, आतला वारा वाढला की उघडायची. डिझेल पुरतं, वारा अर्धा. म्हणून काळा धूर.

नवी नळी परभणीहून एसटीनं आली. रविवारी भरल्या गाडीत दिनकरराव शेजारी बसले. येलदरीच्या चढणीला लागताच राधाकिशननं इंजिनाकडं कान लावला. मग ती शीळ आली. आधी बारीक, मग भरून. गाडी वळणावळणानं वर निघाली. दिनकररावांनी मागं वळून पाहिलं, काळा धूर नव्हता.

"भाच्याला दुसरीकडं लावावं लागंल," ते म्हणाले.

राधाकिशन घरी पोचला तेव्हा छबूबाई धुणं धूत होती. तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"वारा बघितला मी, छबू."

"चढली का गाडी, ते सांगा आधी."

"चढली."

त्यानं तिच्या हातावरचा फेस ओंजळीत घेतला, बोटांच्या फटीतून हळूच फुंकर घातली. फुगा वर आला, थरथरला, मोठा झाला.

"ह्याच्यावर गठाणी जात्यात?" तिनं विचारलं.

"ह्याच्यावरच."

फुगा फुटेपर्यंत ती बघत राहिली. मग पदराला हात पुसून उठली, धार लावलेला कोयता फडक्यात गुंडाळला आणि पुन्हा आढ्याला खोचला.