वुड आडनावाचं घर

मुलीने मुलाचं आडनाव वुड सांगितलं आणि माझ्या डोळ्यांसमोर गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा जावई उभा राहिला. घरी आला तो सावळा, कुरळ्या केसांचा, थेट कोकणातला वाटावा असा. मी पुरती गोंधळले. आडनाव ऐकलं की माणसाचा अंदाज बांधायची माझी सवय; इथे काही बांधताच येईना.

"युरेशियन आहेत ते, आई, युरोपियन-आशियाई मिश्र वंशाचे. इट्स जस्ट अ नेम, लाह," मुलगी इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाली. तिने फोनवर शोधूनही दाखवलं: पूर्वी इंग्लंडात रानालगत राहणाऱ्यांना हे आडनाव पडलं. पण याच्या घरचं कुणी इंग्लंडला गेलेलंच नव्हतं. मग कुठलं रान? हे लोक कोण, ते कळल्याशिवाय लग्नाला हो म्हणायला माझी जीभ रेटेना.

म्हणून आम्ही तिघं आंग मो किओ या वस्तीत त्याच्या आजींच्या फ्लॅटवर गेलो. आजींनी रव्याचा केक कापला. मी आडून आडून विचारू लागले, तर त्या सरळच बोलल्या.

"माझे सासरे अनाथाश्रमात वाढले. बाप वुड होता, की तिथल्या कुणा साहेबाचं नाव लावलं, देव जाणे. त्यांच्या आईचं नाव तर कुणी विचारलंच नाही."

आम्ही जे जन्मभर झाकलं असतं, ते या बाई केक वाढता वाढता सांगत होत्या. मला त्यांची कीव यावी, तर हेवा वाटला.

"आणि तुमचं आडनाव?" त्यांनी विचारलं.

"गावावरून पडलंय." एवढं उत्तर आजवर सगळीकडे पुरलं होतं.

"छान. गावात घर आहे अजून?"

माझ्या वडिलांनी गावाचं नाव लावलं ते पुण्यात भाड्याने खोली मिळावी म्हणून. जुनं आडनाव ऐकलं की लोक दार लावून घ्यायचे. हे मी मुलीला कधी सांगितलं नव्हतं. का, ते मलाही धड सांगता येणार नाही. इथे परदेशात कुणाची भीती होती?

"गावात नव्हतं," मी म्हणाले. "गावाबाहेर होतं. आम्हाला आत राहू देत नसत."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "मग आपलं आधीचं आडनाव काय होतं?" या वेळी ती निव्वळ मराठीत बोलली.

मी सांगितलं. तो मुलगा ते हळू आवाजात म्हणून पाहू लागला, चुकला की परत सुरुवातीपासून, नीट येईपर्यंत. मला रडू का आलं, ते कळलं नाही. होकार मी तेव्हाच दिला.