आक्कांनी उसनं दिलेलं नाव

आक्का गेल्याचा फोन खेमानं बीडच्या दवाखान्यातून केला तेव्हा मी दुपारची ज्वारी पाखडत बसले होते. "आई, आत्या गेली," एवढंच माझी लेक बोलली... आणि मी काय विचारावं? "जाताना तुला काही सांगितलं का त्यांनी?" लेकीला वाटलं असेल, माणूस गेलंय आणि आईला हे काय सुचतंय! पण खरं सांगते, नणंद गेल्याचं रडू मला नंतर आलं, आधी भीती आली. आम्ही दोघींनी इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आक्कांनी शेवटच्या घटकेला पोरीच्या कानावर घातली की काय, हीच धास्ती. हे लिहायला लाज वाटते. पण गेलेल्या माणसावर गोडगोड लिहायचं मला जमत नाही, आणि आक्कांना ते खपलंही नसतं.

आक्का म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. बीडकडच्या पालीजवळच्या आमच्या वस्तीत दूध सोसायटीच्या चिटणीस. नाव कचराबाई. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून सासूबाईंनी त्यांना जन्मल्या-जन्मल्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं "कुणाचं गं हे टाकलेलं?" म्हणत उचललं आणि सासूबाईंनी मूठभर कोंडा देऊन आपलीच लेक तिच्याकडून विकत घेतली. टाकलेल्या लेकराकडे मरण ढुंकून बघत नाही, अशी जुनी समजूत. लेकरू जगलं. पुढे वस्तीनं धम्म घेतला, दगडूचा धम्मपाल झाला, धोंडाबाईची सुजाता झाली, पण आक्कांचं नाव बदलायचा विषय निघाला की सासूबाई छाती पिटायच्या. "नाव काढलं की पोरगी जाईल माझी!" आईच्या जिवाला घोर नको म्हणून आक्का कचराच राहिल्या. नवऱ्यानं चारचौघांत त्या नावाची टिंगल केली, तशा भरल्या ताटावरून उठून माहेरी आल्या. परत गेल्या नाहीत.

आपल्याला मिळालं नाही ते त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांना वाटलं. विहारातली जुनी पुस्तकं वाचून वाचून त्यांना बुद्धाच्या काळातली नावं पाठ झाली होती. सकाळी दुधाच्या रांगेत बाया किटली पुढे करत आणि हळूच विचारत, "आक्का, पोराला नाव सांगा की." मग भद्दिय, सोणा, उपाली अशी कुणी न ऐकलेली नावं वस्तीत खेळायला लागली. चेअरमन चिडवायचे, "आक्का, दूध पातळ आन् नावं मातर भारी!" एकदा शाळेतले गुरुजी उपालीला हसले, हे पोरीचं नाव आहे म्हणाले. आक्का तडक शाळेत गेल्या. "उपाली न्हावी व्हता, गुरुजी. बुद्धानं राजपुत्रांच्या आधी त्याला दीक्षा दिली, आन् राजपुत्र त्याच्या पाया पडले. आता हसा!" गुरुजी पुन्हा हसले नाहीत. जिभेला धार होती बाईच्या. मलाही पुष्कळदा लागली.

माझी पहिली दोन्ही लेकरं वर्षाच्या आत गेली. तिसरी मुलगी झाली ते साल दुष्काळाचं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, बिंदुसरेच्या धरणात गाळाच्या खपल्या निघालेल्या, टँकर येईल तेव्हा घागरी घेऊन पळायचं. मालक माजलगावकडे साखर कारखान्यावर हंगामी कामाला. बारशाला आक्कांनी पोरीच्या कानात सांगितलं, "खेमा." मला म्हणाल्या, "खेमा राणी व्हती, पुढं भिक्खुणी झाली. खेमा म्हंजे जिला कशाचंच भय न्हाई ती." सासूबाई तिथंच कुरकुरल्या, एवढं चांगलं नाव नजरेत भरेल म्हणून. मी आक्कांच्या बाजूनं बोलले. तेव्हा पोरगी गुटगुटीत होती ना... बोलायला माझं काय जात होतं!

तिसऱ्या महिन्यात तिला हगवण लागली. दोन दिवसांत डोळे खोल गेले, टाळू आत बसली, रडायचाही आवाज निघेना. आक्का त्या दिवशी सोसायटीच्या जनावरांसाठी चाऱ्याचा अर्ज घेऊन बीडला गेल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "दोन घालवलीस. आता तिसरीबी नणंदेच्या पुस्तकातल्या नावापायी घालवतीस का?" मी अंगणवाडीत काम करणारी बाई. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते गावाला शिकवत होते, तेच पोरीलाही पाजलं होतं, पण ओकून पडत होतं. धम्म घेतलेल्या घरात असलं काही करायचं नसतं, तेही ठाऊक होतं. तरी मी उठले. सूप घेतलं आणि माझ्या हातानं माझी जिवंत पोरगी उकिरड्यावर ठेवली. खालून शेणाची गरम वाफ येत होती. शेजारणीनं तिला उचललं, मी कोंडा दिला, नाव ठेवलं उकिरडी. घरी आणली तेव्हा सासूबाईंच्या तोंडावर समाधान होतं, आणि खरं लिहायचं तर माझ्याही.

दुपारच्या एसटीनं आक्का आल्या. पोरीला बघायला वाकल्या आणि थांबल्या. "पोरीच्या मुठीला कोंडा कावून लागलाय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पदरानं ती मूठ पुसली आणि म्हणाल्या, "दुधाची गाडी सुटायची हाय. चल." सासूबाई दारात आडव्या झाल्या. "आई, माझ्या वक्ताला तू ऐकलं न्हाईस, आता मी ऐकणार न्हाई," म्हणत त्यांना बाजूला सारून आक्का पोरीला घेऊन चालायलाच लागल्या. मी अनवाणी मागं.

गाडीत दुधाच्या कॅनांच्या मधे बसून आम्ही बीडला पोचलो. वाटेत पोरीनं दोनदा डोळे फिरवले. आक्का तिच्या ओठांवर ओला बोळा धरून बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यात सिस्टरनं पोरीला टेबलावर घेतलं आणि कागद पुढे ओढला. "बाळाचं नाव?" खेमा म्हणावं तर मरण ऐकेल, असं मला अगदी खरं वाटत होतं. उकिरडी म्हणावं तर आक्का शेजारी उभ्या. सिस्टर वैतागली. "अहो बाई, नाव सांगा, सलाईन लावायचंय!"

"कचरा," आक्का म्हणाल्या. "लिहा, कचराबाई."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. खालच्या आवाजात म्हणाल्या, "पोरीला नवं वंगाळ नाव लावू नको. एकदा लागलं की जल्मभर निघत न्हाई, मला इचार. माझं घे, उसनं. जगलेलं नाव हाय. बरी झाली की परत कर." ज्या नावानं त्यांचा संसार मोडला ते नाव बाईनं माझ्या वेड्या भीतीपायी माझ्या पोरीवर पांघरलं. मी दवाखान्याच्या भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. पुढचे सहा दिवस खाटेवरच्या कागदावर तेच नाव होतं. सहा दिवस मी त्या कागदाकडे बघून पोरीचा श्वास मोजला.

सातव्या दिवशी सुट्टी मिळाली. बीडच्या स्टँडवर आक्का म्हणाल्या, "दे माझं नाव." मी म्हटलं, "मोठ्या नणंदेचं नाव तोंडानं कसं घेऊ?" "मग काय घिऊन ठिवायचा इचार हाय?" शेवटी डोळे मिटून म्हटलं, "कचराबाई, हे घ्या तुमचं नाव." उभ्या आयुष्यात तेवढं एकदाच घेतलं. त्या हसल्या, पोरीच्या कानाशी वाकून "खेमा" म्हणाल्या आणि मला बजावलं, "तिला उकिरड्यावर ठिवलं व्हतं हे तिला कधी सांगू नको. मला सांगितलं व्हतं. रोज आठवतं." सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, उकिरड्यानं वाचवली. आक्का म्हणायच्या, सलाईननं. मी दोघींपुढे मान हलवायचे. आणि खेमा मात्र समजत आली, की सगळं घर विरोधात असताना आई आपल्या नावाच्या पाठीशी उभी राहिली. लोकांना कौतुकानं सांगायचीसुद्धा. मी ऐकून घ्यायचे...

गेल्या महिन्यात आक्कांची खोली आवरायला खेमा आली होती. बीडच्या कोर्टात कारकून आहे ती. आम्ही कपाट उपसत असताना वस्तीतली रंजना आली. ऊसतोडीहून नुकतीच परतलेली, कडेला दोन महिन्यांची पोरगी. तिचं पहिलं लेकरू उसाच्या फडातल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत गेलं. "आक्का कुठायत? नाव पायजे. सासू म्हणती, उद्या उकिरड्यावर ठिवू." आक्का गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. ती मटकन उंबऱ्यावर बसली. तिला धीर द्यायला मी बोलायला लागले आणि बोलता बोलता सगळं सांगून बसले. सूप, कोंडा, कागदावरचं नाव... खेमा मागं उभी आहे हे मला कळत होतं. तरी थांबले नाही.

"मला ठेवलं होतं?" ती म्हणाली.

"हो."

"आजीनं?"

"नाही. मीच."

हातातलं लुगडं तिनं घडी न करताच कपाटात ठेवलं. माझ्याकडे न बघता बाहेर आली आणि रंजनाच्या पोरीपाशी बसली. "माझं नाव न्या. खेमा. जगलेलं आहे. पोरगी पायावर चालायला लागली की परत आणून द्या. पण उकिरड्यावर ठेवायचं नाही, आणि उद्या सकाळी माझ्यासोबत दवाखान्यात यायचं." रंजनानं विचारलं, "मग ताई, तवर तुमाला काय म्हणायचं?" खेमानं तिच्या पोरीचं टोपडं सारखं केलं.

माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही. बीडला गेल्यावर मी फोन केला, "खेमा, जेवलीस का?" म्हणाली, "जेवले. पण आई, त्या नावानं हाक मारू नको. ते दिलंय."

रंजनाची पोरगी अजून बसायलाही लागलेली नाही. तोवर माझ्या लेकीला हाक मारायला माझ्याकडे नाव नाही, आणि कुणाकडे तक्रार करायला मला तोंडही नाही.