संध्याकाळचं दूध

बेलापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात फॅट हा शब्द डेअरीबरोबर आला आणि आल्या आल्या माणसांच्या डोक्यात जाऊन बसला. पूर्वी म्हैस दूध किती देते असं विचारायचे, आता फॅट किती लागली ते विचारू लागले, कारण दुधाचा भाव तिच्यावरच ठरायचा. आमच्या म्हशीची फॅट गावात सगळ्यांत वरचढ. वडील ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत, बाजारात, कुठेही काढत. जणू फॅट त्यांच्याच अंगची होती!

आणि घरात काय? भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर करडईच्या तेलाची धार. धारही आईच्या हातची, म्हणजे सुरू व्हायच्या आत संपणारी. साय किंवा तूप उरलंच तर आधी वडिलांच्या ताटात, मग भावाच्या. आम्ही बायका शेवटी बसायचो तेव्हा तुपाच्या वाटीला नुसता वास असायचा. दूध विकून विहिरीवर इंजिन बसलं हेही खरंच, ते मी नाकारत नाही. पण बाईला पोटभर तूप मिळायचं ते फक्त बाळंतपणात, आणि तेही मुलगा झाला तर.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं, नातू झाला की संध्याकाळचं दूध डेअरीला जाणार नाही, लेकीसाठी तूप करायचं.

झाली मुलगी. दूध जातच राहिलं. सासूबाई बघायला आल्या आणि "पोरगी तर हाय, तेल-भाकरीवरबी निभंल," म्हणून गेल्या. माझ्या अंगात उठून बसायचं त्राण नव्हतं. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, बाळ रडून रडून दमायचं. मला लई राग यायचा, पण बाजेवर पडल्या पडल्या तो काढणार कुणावर?

एका संध्याकाळी आईनं म्हैस पिळली आणि सगळं दूध सरळ चुलीवर चढवलं. डेअरीत कच्चंच दूध घेत, तापवलेलं परत पाठवत. हे तिला चांगलं ठाऊक होतं. दुधाला उकळी फुटली तेव्हा वडील कॅन घेऊन दारात उभे.

"हे काय केलंस?"

"तापवलं."

"आगं, फॅटचं दूध हाय ते!"

"म्हनून तर तापवलं. आवं, पोरगा झाला काय आन् पोरगी झाली काय, कळा सारख्याच येत्यात. मला इचारा, मला दोन्ही झाल्यात."

वडिलांच्या पुढ्यात इतक्या मोठ्यानं बोललेली आई मी तोवर पाहिली नव्हती. मला तिचा इतका अभिमान वाटला की भीतीही विसरले. वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. रिकामाच कॅन उचलून ते बाहेर पडले. आता हे चार माणसांत आईचा उद्धार करणार, असं मला वाटलं.

डेअरी आमच्या समोरच्याच ओट्यावर भरायची. तिथलं सगळं आमच्या घरात ऐकू यायचं. बेलापूरहून येणारा दूध घेणारा हसून म्हणाला, "मोकळाच कॅन? म्हैस आटली का काय?"

"म्हैस न्हाई आटली," वडिलांचा आवाज आला. "सांजचं दूध आता घरी ऱ्हानार. लेकीला तूप करायचंय."

"मंग नातू झाला म्हना की!"

मी कान टवकारले.

"नात झालीया," वडील ओरडूनच म्हणाले. "नातीसाठी ठेवलंय दूध. कुनाला काय म्हनायचंय?"

माझे डोळे भरून आले. बाळाला जवळ ओढून मी तिच्या कानाशी म्हटलं, "ऐक गं, तुझा आजा बोलतोय."