आहेराचे पाच गुण

१७ जानेवारी २०२५, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. परतूर तालुक्यातल्या एका अंगणात मला पुन्हा पाच मिळाले, आणि रडावे की हसावे हे ठरेना म्हणून मी हसले.

माझा अभ्यास साधा होता. गावातच बसून मोबाइलच्या पडद्यावर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोललेल्या रुग्णांनी त्या सल्ल्याला पाचपैकी गुण द्यायचे. सर्वांनी पाचच दिले होते. ज्या आजोबांचा कॉल मध्येच तुटला, त्यांनीही पाच दिले आणि सहा देता येतात का, असे विचारले. जालन्यातल्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी आकडे पाहून शांतपणे सांगितले, "हा अभ्यास नव्हे, आहेर आहे. उत्तरांत फरकच दिसला नाही, तर प्रबंधाचं विसरा."

त्या दिवशीच्या काकूंना झोप लागत नसे. एक समुपदेशक बाई दर आठवड्याला त्यांच्याशी फोनवर व्हिडिओ कॉलने बोलत. काकूंनीही तत्परतेने पाच म्हटले. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही जालन्याहून आल्या ताई. पाव्हणीला कमी कसं द्यायचं?"

म्हणजे इतके दिवस हे गुण सल्ल्याला नव्हे, मला मिळत होते! शास्त्रात याला मापनदोष म्हणतात. मला मात्र गुदगुल्या झाल्या. दोष कळला की उपाय फार दूर नसतो. माझे पाहुणी असणेच संपायला हवे होते. मी टॅब्लेट पिशवीत टाकला, काकूंसमोरचे सूप ओढले आणि तुरीच्या शेंगा सोलू लागले.

काकूंनी आधी अडवले, मग माझ्या संथ हातांची थट्टा केली. असल्या हातांनी सासरी रोज दुपारच्या जेवणाला संध्याकाळ होईल म्हणाल्या. अर्धे सूप भरेपर्यंत मी 'तुम्ही'ची 'तू' झाले होते. तेव्हा सहज विचारले, फोनवरच्या बाईंशी बोलून खरोखर बरे वाटते का.

"बाई बिलकुल चांगली हाय," दाराकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या. "पन फोन लागला की अख्खं घर मागं येऊन बसतं. सासूबाईंच्या म्होरं सासूबाईंचं कसं सांगू? मंग म्हंते, सगळं बराबर हाय. झोप कुठून येनार? तू तीन लिही. पुढल्या बारीला सगळ्यांना शेतात धाडते, मंग बघू."

मी इतक्या आनंदाने उठले की सूप कलंडले. दाणे अंगणभर, दाण्यांमागे कोंबड्या, आणि काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. दाणे वेचण्याआधी मी टॅब्लेट काढला आणि माझ्या अभ्यासातला पहिला खरा आकडा नोंदवला: ३.