डाव संपण्याआधी उताणी केलेली पानं

पत्त्यांच्या क्लबात त्याला सगळे 'पंच' म्हणत. पोकरच्या स्पर्धेत तंटा झाला की निकाल त्याचा. एका बाबतीत तर तो सख्ख्या बापालाही सोडायचा नाही, अशी ख्याती होती: डाव चालू असताना आपली पानं कुणाला दाखवायची नाहीत. मुद्दाम दाखवा नाहीतर चुकून, शिक्षा एकच. तीन फेऱ्या टेबलापासून लांब उभं राहायचं, आणि खेळ न खेळताही दर डावाच्या सक्तीच्या बोलीपोटी आपल्या ढिगातल्या चिप्स कापल्या जाताना मुकाट बघायचं.

बाप नव्हता, पण दादा होता. धाकट्याला पत्ते पिसायला शिकवले ते त्यानेच, आणि 'तू मिळमिळीत' हेही जन्मभर ऐकवलं त्यानेच. पंचाचा सगळा कडकपणा खरं तर दादाने बघावा म्हणून होता.

आणि बघायची वेळ दादावरच आली. क्लबातल्या स्पर्धेत तो शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. त्याने होत्या नव्हत्या त्या चिप्स पुढे सरकवल्या, समोरच्याने तेवढ्याच लावल्या, आणि आता कोण उरलंय अशा समजुतीने दादाने हसत पानं उताणी केली. एक जण उरला होता. त्याने आपली पानं तळहाताखाली झाकली होती, पाळी त्याची होती. दादाची पानं बघून त्याने शहाण्यासारखी आपली टाकून दिली. तो डाव दादा जिंकला, आणि पंचाने त्याला उठवलं.

दादा भिंतीशी उभा राहिला. परत बसला तेव्हा मूठभर चिप्स उरल्या होत्या, त्याही लगेच गेल्या. पण घरी जाताना गडी खूश होता. आमच्या धाकट्याने मलासुद्धा सोडलं नाही, असं तो भेटेल त्याला छाती फुगवून सांगत सुटला. एवढं कौतुक पंचाच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

पुढच्याच स्पर्धेत क्लबमालकाच्या मेहुण्याने डिट्टो तीच चूक केली. शेजारी उभा मालक नुसता खाकरला. मग पंचाने मेहुण्याला, जरा सांभाळून, अशी ताकीद दिली आणि डाव पुढे चालू केला. टेबलावरच्या कुणी वर पाहिलं नाही. असल्या वेळी लोक फार समजूतदार होतात, मेले.

सुट्टीच्या दिवशी तो दादाकडे गेला. वहिनीने पाणी दिलं आणि ती काही न बोलता आत निघून गेली, म्हणजे बातमी आधीच पोचली होती. त्याने मालकाचा स्वभाव सांगितला, क्लबातल्या पगारी नोकरीचं सांगितलं, या वयात दुसरीकडे कोण उभं करणार तेही सांगितलं.

"मला उठवलंस ते बरोबरच होतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो," दादा शेवटी म्हणाला. "पण नियम-बियम काही नव्हतं रे ते. मी तुला परवडलो, एवढंच."