गणपतला कोण घाबरत होतं

हे मी कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलींपाशी नाही. देवळातही नाही — तिथे तर मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत राहिले. तुमच्यापाशी सांगते. मध्येच थांबले, तर थांबू द्या.

आगाशीला आमची केळीची वाडी होती. खाडीकडच्या गावांतल्या बाया भाजीच्या, सुक्या मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन आमच्या वाडीतूनच बाजाराला यायच्या. वाट जुनी, आजोबांच्याही आधीची. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने, दादाने, तिच्यावर कुंपण घातलं. बायांना लांबचा वळसा पडू लागला. गणपतने ते कुंपण काढलं. भरदुपारी, सगळ्यांसमोर, कुणाला शिवी न देता. काटे बाजूला नीट रचून ठेवले. दादाने पुन्हा घातलं, त्याने पुन्हा काढलं.

गणपत म्हणजे — कसं सांगू? खाडीकडचा भातशेतीवाला. आईबाप लहानपणीच गेलेले. विधवा वहिनीने, भागूवहिनीने वाढवलेला. आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबायचा. मी ओतायचे, तो ओंजळीने प्यायचा आणि मध्येच वर बघून हसायचा. एवढंच. जात वेगळी, पुढे काही होणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी दुपार झाली की माझे पाय विहिरीकडे वळायचे. त्या हसण्यासारखं दुसरं काही मला आयुष्यात मिळालं का? नाही मिळालं.

दादाने त्याला तडीपार करायचं ठरवलं. खटला टिकला नसता, वाट जुनी होती. पण तडीपारीला खटला लागत नव्हता. हा माणूस दांडगा आहे, लोक त्याला घाबरतात, असं काही जणांनी सांगितलं की भागत होतं — आणि सांगणाऱ्याचं नाव त्याला कळू देत नसत. दादा म्हणाला, एखाद्या बाईने सांगितलं तर वजन पडेल. विहिरीवरचं त्याच्या कानावर गेलं होतं. सांगितलं नाहीस तर लोक काय समजायचं ते समजतील, म्हणाला.

मी सांगितलं. आमच्याच ओटीवर, पोलीस साहेबांसमोर. गणपत वाटेत आडवा येतो, बायकांना त्याची भीती वाटते. खोटं होतं सगळं. शब्द दादाचे — पण तोंड माझं, सही माझी.

चौकशीत वसईच्या एका वकिलांनी त्याची बाजू घेतली, असं ऐकलं. साक्षीदार कोण तेच कळत नसेल, तर उलटतपासणी कुणाची घ्यायची, असं त्यांनी विचारलं. साक्षीदार भीतीपोटी उघड पुढे येत नाहीत, असं उत्तर मिळालं. भीती होती, हे खरंच. पण कुणाची? ते कुणी विचारलं नाही, आणि मीही होऊन बोलले नाही. नाव झाकलं जाणार, याचं मला बरंच वाटलं होतं.

ठाणे जिल्ह्याच्या बाहेर जा, असा हुकूम झाला. जाण्याआधी गणपत विहिरीवर आला. त्या दिवशी पाणी प्यायला नाही.

"मथू, कोन बाई मला घाबरते?" त्याने विचारलं. "नाव सांगत नाहीत. कललं तं जाऊन इचारीन, माझं काय चुकलं."

मला काय ठाऊक, म्हटलं.

तो जायला वळला. मग हळूच म्हणाला, "वयनी तं नसंल ना?"

शेताच्या बांधावरून त्या दोघांचं नुकतंच भांडण झालं होतं. इथे मी नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द. मी मान खाली घातली. त्याने तो होकार धरला — धरला हे मला दिसलं — तरी मी गप्पच. साक्ष दादाने वदवून घेतली, असं म्हणता येईल. ही मान खाली घालायला मला कुणी सांगितलं होतं?

तो बलसाडकडच्या मिठागरांवर कामाला गेला. मुदत संपली, तरी परतला नाही. माझं लग्न गावातच झालं. बाजारात एसटी थांबली की मी उतरणारी माणसं बघत राहायचे. भागूवहिनी तिथेच भाजी घेऊन बसायची. मला विचारायची, मुदत तं कवाच सरली, मग तो का येत नाय? येईल, म्हणायचे मी. भाजीची जुडी घेऊन घरी यायचे.

ती शेवटच्या दुखण्यात असताना पेज घेऊन गेले. तिने माझा हात धरला.

"तुलाच तेवढी त्याची आठवन हाय," ती म्हणाली. "बाकी समदी इसरली."

मी हात सोडवून घेतला नाही. तेव्हाही सांगितलं नाही.

ती गेल्याचा निरोप बलसाडला पोचला होता. गणपत आला नाही. तो का येत नाही हे तिला कळलं नव्हतं, आणि तिने त्याच्याविरुद्ध कधी अवाक्षरही काढलं नव्हतं हे त्याला कळलं नाही. दोन्ही मला ठाऊक होतं. तो मला हवा होता, अजून हवा आहे. आणि त्याचं घर त्याच्यापासून तोडलं, ते मी.